बोटीवरचा उपास

मालवण, मे १९५८, शुक्रवार संध्याकाळ

सकाळी बोटीतून उतरल्यापासून आईशी नजर मिळवता येत नाही. लग्नानंतर नलिनीला पहिल्यांदाच घरी आणत होतो, मुंबईहून आईही बरोबर होती. तिने तिघांपुरत्या भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची चटणी बांधून घेतली होती. पण नलिनीसमोर ते गाठोडं सोडायची मला लाज वाटली. काल दुपारी बोटीच्या वरच्या डेकवर टेबलखुर्चीवरचं जेवण होतं, तिकिटाखेरीज वेगळे पैसे भरून. मी दोनच पानं सांगितली.

"आणि सासूबाई?" नलिनीने विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आईचा आज उपास आहे."

पैसे नव्हते का? होते, तिसऱ्या पानापुरतेही होते. मग? आई काट्याचमच्यांपुढे कशी बसेल, हेच मनात आलं असणार.

आईने माझ्याकडे एकदा बघितलं. "होय गो, माझो उपास आसा. तुमी जेवा."

उपास म्हटल्यावर तिला स्वतःची भाकरीही खाता येईना. गाठोडं मांडीवर घेऊन दिवसभर नुसतं पाणी पीत बसली. आणि मी वर बसून कटलेट खाल्लं.

मघाशी नलिनी स्वयंपाकघरात तिला विचारत होती, "कालचा उपास कसला होता हो?" मी दाराबाहेरच थांबलो.

"माझ्या झिलासाठी होतो गो," आई म्हणाली. झिलासाठी, म्हणजे मुलासाठी, माझ्यासाठी. मग तिने मला हाक मारली, "ये रे, जेवूक बस."

मी ओटीवर येऊन हे लिहीत बसलोय, अजून उठवत नाही.