बकरीचा तिसरा भाग

हॉलिवूड, १९३१

३ मार्च
बर्लिनमध्ये गाजलेला एक जर्मन विनोदी चित्रपट कंपनीने विकत घेतलाय. तो इंग्रजीत पुन्हा काढायचा. विनोद मी लिहिणार. निर्माते लिपर्ट म्हणाले, लोक हसले तर करार वाढेल, नाही तर गाशा गुंडाळा. गाशाचा प्रश्नच नाही.
संकल्प: मूळ चित्रपट पाहायचा नाही. प्रतिभेला विटाळ नको.

९ मार्च
मूळ लेखक फोल्डेश बुडापेस्टहून सल्लागार म्हणून येऊन बसलाय. हास्यरसाचा वैरी. त्याच्या पटकथेत, तिसऱ्या भागात लाजाळू नायक प्रेयसीच्या दारात उभा राहतो. बेलकडे हात नेतो, मागे घेतो. पुन्हा नेतो. भागभर एवढंच, एक शब्द नाही! ही काय समाधी आहे? मी तिथे बकरी घातली. ती त्याची फुलं खाते, मग टोपी, मग पँट. फोल्डेश म्हणाला, "मग बेल कोण वाजवणार? बकरी?"
मत्सर. दुसरं काय.

२ एप्रिल
बकरीचं चित्रण झालं. सेटवर कुणी हसलं नाही. मायक्रोफोन चालू असताना हसायला बंदीच आहे; बिचारे ओठ दाबून उभे होते. 'कट' म्हटल्यावरही दाबूनच होते.

२४ एप्रिल, दुपार
आज ग्लेनडेलच्या थिएटरात प्रेक्षकांना आधी न सांगता चाचणी खेळ. संकलक मिस क्विग्लीवर माझा काडीचा विश्वास नाही (बकरी कापा म्हणते!), म्हणून रिळांचे डबे स्वतःच गाडीत टाकले. टेबलावर जर्मन चित्रपटाचेही पडले होते. "डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून उचला हो," म्हणाली. मला वाचायला शिकवते!

२५ एप्रिल
पहिले दोन भाग प्रेक्षक गंभीर. विचारी गाव दिसतं. तिसऱ्याआधी मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आपलं यश आपण पाहू नये. आणि मग काय हशा! दारं हादरली. एक म्हातारी डोळे पुसत बाहेर आली. विचारलं, "आवडली ना बकरी?" "कसली बकरी?" म्हणाली.
हसून हसून भानच नव्हतं बिचारीला.

२७ एप्रिल
लिपर्टनी बोलावलं. करारासाठीच. नवा टाय लावून गेलो.
म्हणे, तिसरा भाग जर्मन चित्रपटाचा लागला होता. नायक एकाएकी जाड झाला तरी कुणाची तक्रार नाही. चौथ्यात आमचा बारक्या परतला, तेव्हा मात्र लोक ओरडले, "अरे, तो जाड्या आणा!"
मी म्हणालो, डबे मी नेले, म्हणजे न्यायाने हशा माझाच.
"शाब्बास," लिपर्ट म्हणाले. "आता शनिवारपर्यंत खोली मोकळी करा."

२ मे
खोली मोकळी केली. जाता जाता दिसलं, प्रक्षेपणाच्या खोलीत मूळ चित्रपट चालू होता. दोष हेरायला म्हणून मागे बसलो. जाड्या दारात उभा. हात पुढे नेला. मागे घेतला. पुन्हा नेला.
शेजारच्या अंधारातून फोल्डेशचा आवाज आला, "अहो, हसताय की काय?"
"खोकला आहे," म्हटलं.
चित्रपट संपेपर्यंत खोकत होतो.