कारकून हजर

प्रिय मास्तर,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे मध्येच तुटलं तर पुन्हा सांगायचा धीर मला होणार नाही. दुकानात बसून लिहितोय. समोर एक भिंतीवरचं घड्याळ पोट उघडं टाकून पडलंय. त्याचा मालक उद्या येईल आणि ओरडेल. ओरडू दे.

पक्षी महोत्सवातल्या तुझ्या घुबड फेरीला या वर्षी आम्ही दोघं आलो. हिला पाहून तुझा चेहरा उतरला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण मी आपला खुशीत. बत्तीस वर्षं जिने पहाटे उठून आपल्या दोघांचे डबे भरले, तिला एकदाचे साहेब दाखवायचे होते. मोतीबिंदू काढल्यापासून ही सगळ्या जगाकडे नवं भांडं पारखावं तशी बघते. निघताना म्हणाली, 'डोळे आत्ता कुठे नवे झालेत, साहेबांना म्हणावं जरा दमानं घ्या, लगेच उडू नका.'

साहेब हे नाव तूच ठेवलंस. तलावामागच्या कड्याखाली, वठलेल्या झाडावर डोळे मिटून बसणारं, कानांवर पिसांची शिंगं असलेलं ते भलंमोठं घुबड. ऐन कचेरीच्या वेळात झोपतं म्हणून साहेब. आणि शेजारच्या झाडाचा जो तुटका बुंधा पहिल्या दिवशी आपण घुबड समजून अर्धा तास श्वास रोखून पाहिला, तो कारकून. साहेब नसले की खुर्ची अडवून बसणारा. कानावर पेन्सिल खोचावी तशी डाव्या अंगाला एक काडी. आपल्याला कुणी शिकवलं होतं? पक्ष्यांचं एक जुनं पुस्तक, शिवण सुटलेलं, ते वाटून घेतलं होतं आपण. पाण्यातले पक्षी तुझ्याकडे, शिकारी माझ्याकडे. पण नियम मात्र तुझा, पक्का मास्तरी: जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. साहेब दिसले नाहीत त्या दिवशीही तू तुझ्या वळणदार अक्षरात डायरीत लिहायचास, 'साहेब नाहीत. कारकून हजर.' घरी येऊन मी हिला तेच वाचल्यासारखं सांगायचो आणि ही हसायची. काडीसकट कारकून तिला तोंडपाठ होता.

आणि त्या संध्याकाळी बावीस माणसांची रांग, स्टँडवर लावलेली ती मोठी दुर्बीण, आणि प्रत्येकाला दहा सेकंद. तू हळू आवाजात बजावतोयस, 'पुढे जायचं नाही, साहेब विश्रांती घेतायत.' ऊन उतरलेलं. माझा नंबर आला. मी डोळा लावला आणि मला काडी दिसली.

मास्तर, मी आयुष्यभर भिंग डोळ्याला लावून केसाएवढ्या काट्यांत जगलोय. माझी चूक होईल असं तुलाही वाटलं नसेल. म्हणून तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि दाबलास. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी मान वर केली आणि बावीस जणांना ऐकू जाईल असं म्हणालो, 'वा. आहेत साहेब.'

माझ्यामागे ही होती. तिने दहाच्या जागी तीस सेकंद घेतले. मागे कुणीतरी खाकरलं. मग ती बाजूला झाली, 'हो, दिसले,' म्हणाली, आणि तुझ्या मदतीला आलेल्या पोरींनी वाटलेला 'मी घुबड पाहिलं' हा बिल्ला तिने मुकाट्याने घेतला. घरी आल्यावर चपला काढता काढता एवढंच बोलली, 'कारकून अगदी तुम्ही सांगायचात तसाच आहे हो.' बिल्ला माझ्या सदऱ्याला लावला. 'तुमचाच आहे हा.'

दुसऱ्या दिवशी मी तलावाच्या चौकीदाराला गाठलं. तो हसला. म्हणाला, दोन हिवाळे झाले घुबड जाऊन. सहा माणसं होती तोवर बसायचं, रोज पन्नास जण बॅटऱ्या मारायला लागल्यावर कोण बसेल? दोन हिवाळे, मास्तर. माझे गुडघे गेले म्हणून मी यायचा थांबलो, आणि दर रविवारी तू मला फोनवर सांगत राहिलास की साहेब मजेत आहेत. सहाच्या वर माणसं न्यायची नाहीत, हा शब्द आपण दोघांनी दिला होता. तुला टाळ्यांची चटक लागली. एकदा सरळ सांगितलं असतंस की घुबड गेलं, आपल्यामुळे गेलं, तर लोकांनी काय तुला कड्यावरून ढकललं असतं? त्यांना तेच तर सांगायला हवं होतं. वर्गात मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करणारा तू.

हे सगळं लिहून झाल्यावर हात हलका व्हायला हवा होता. होत नाही. कारण तुला शिव्या घालायला मी हे पत्र लिहायला बसलोच नव्हतो.

हिने चार दिवसांनी तोंड उघडलं. म्हणाली, 'तुम्ही दोघं किती सहज बोललात. सवय असल्यासारखं.' मग विचारलं, 'साहेब खरंच कधी होते का हो?' मी शपथा घेतल्या. होतेच ते, तुलाही माहीत आहे. ती ऐकत राहिली, आणि म्हणाली, 'बाकीच्या दिवसांचं सोडा. माझी आई गेली त्या दिवशी होते का?'

तुला तो दिवस आठवत असेल. सासूबाई शेवटच्या घटका मोजत होत्या. मी नऊला परततो म्हणून निघालो आणि दोन वाजता दारात उभा राहिलो. त्या अकरालाच गेल्या होत्या. ही एकटी होती. तिच्या डोळ्यांकडे बघून मी म्हणालो, पिल्लाने आमच्यासमोर पहिली झेप घेतली, पाय निघेना. ती रडायची थांबली. म्हणाली, 'एक गेलं, एक उडालं.' वीस वर्षं ती हे नातेवाइकांना सांगत आलीय, आईच्या फोटोकडे बघून सांगत आलीय. पिल्लू बिल्लू काही नव्हतं. साहेब दिसेनात म्हणून मी इरेला पेटून बसलो होतो. तू दोनदा म्हणालास, घरी जा. मी गेलो नाही.

'डायरी मास्तरांकडेच आहे ना?' तिने विचारलं. 'तारीख मला पाठ आहे.'

रविवारी सकाळी ती तुझ्याकडे येईल. तू ते पान फाडावंस, हे सांगायला मी कागद पुढे ओढला होता. तुला आता अशा कामाची सवय आहे, असंही वाटलं. पण चौथा कागद संपत आला तरी ते मागायला हात धजत नाही. पान फाडू नकोस. तिला चहा दे, उजेडाकडे तोंड करून बसव आणि डायरी तिच्या हातात दे. मी येणार नाही. गुडघे दुखतात, हे मात्र खरं आहे. तिचे डोळे नवे आहेत आणि तुझं अक्षर ठळक. चारच शब्द आहेत त्या पानावर, ती एका दमात वाचेल.

अजून तरी तुझाच,
घड्याळजी