पोरगं मोल्डिंगला हाय

आबा, त्या पहिल्या फोटोला खरं काय लागलं ते आज सांगतो. तीन दिवस मीठ बंद, शेवटच्या दिवशी पाणीही बंद, छातीवरचे केस मेणानं ओढून काढलेले, आणि तुमच्याशी बोललेला एक खोटा शब्द. अंगात पोहायची तोकडी चड्डी, मागं रंगवलेला समुद्र. अंगावरचे थेंबसुद्धा ग्लिसरीनचे. पण त्या फोटोवर माझं पुढचं सगळं उभं राहिलं: चड्ड्यांच्या जाहिराती, रॅम्प, आणि वय झाल्यावर पुण्यात पोरापोरींना चालायला, उभं राहायला शिकवणं. आता समोरच्याची कंबर मी नुसत्या नजरेनं सांगतो, टेप लागत नाही. हे मी कुणी न विचारताही सांगत असतो.

फोटो झाल्यावर मी वेल्ह्याकडं घरी आलो. तुम्ही ओसरीवर फवारणीचा पंप धूत होता. भातगिरणीच्या आवाजानं तुमचा डावा कान गेलेला, आणि मी नेमका त्याच बाजूला बसलो. म्हणालो, "आबा, मॉडेलिंगमधी लागलो."

"मोल्डिंग व्हय? वरव्याकडं?" तिकडं बारके कारखाने आले होते तेव्हा.

"न्हाई, मुंबईला."

"लई बेस. प्लॅस्टिकचं का लोखंडाचं?"

माझे कान तिखट, आबा. तुमच्या आवाजातली खुशी मला ऐकू आली. म्हणालो, "प्लॅस्टिकचं."

मग भोरच्या एसटी स्टँडवर तुम्ही ज्याला त्याला धरून सांगायचात, "पोरगं मोल्डिंगला हाय. परमनंट." कुणीतरी चिडवायचं, "मग आमाला बादल्या द्या की फुकट!" त्याच भोरात एका कापडदुकानावर माझा तो फोटो लागला होता. दर बाजाराला तुम्ही त्याच्याखालून जाताय आणि मी मुंबईत घाबरून बसलोय, अशी काही वर्षं गेली. तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत, की केलीत आणि बोलला नाहीत, हे मला अजून ठरवता येत नाही.

एकदा तुम्ही पंपाचं तडकलेलं झाकण माझ्या हातात दिलंत. "तुज्या कंपनीत व्हतंय का बघ." ते मी एसटीतच विसरलो. दुकानात जाऊन, नजरेच्या भरवशावर नवं घेतलं, दुकानातलं वाटू नये म्हणून जरा मातीत घासलं आणि मशीनवर काढलं असं सांगून तुम्हाला दिलं. तुम्ही ते उजव्या कानाजवळ नेऊन टिचकी मारून बघितलंत. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, "पोरानं सोता बनवलंय."

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितोय. परवा आईसोबत माळा आवरताना पंप निघाला. झाकणावर पिशवी, पिशवीवर सुतळीचे वेढे.

"हे काय गं?"

"ते कवाच बसलं न्हाई. औषध पाठीवर गळायचं त्यांच्या."

"मग मला सांगायचं की!"

"म्या म्हणलं व्हतं. तर म्हणले, त्याला कशाला? परत बनवत बसंल, रजा पडंल."

मी सुतळी सोडून झाकण पंपावर ठेवून बघितलं. चांगलं अर्धा इंच मोठं होतं.