चौथ्या व्हॉल्व्हची किल्ली

३ फेब्रुवारी

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

पंपाच्या घरघरीत तुला फोनवर निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू विसरतोस, म्हणून पत्र. नववीच्या वर्गासाठी एक उद्योग काढलाय. कटाच्या गोष्टी कशा शिजतात, ते मुलांनी स्वतः शिजवून पाहायचं. तीन खऱ्या गोष्टींची चित्रं तक्त्यावर चिकटवायची, लाल दोऱ्याने जोडायची आणि मधे एकच थाप ठोकायची. मग दुसऱ्या गटाने विचारायचं, कुणी पाहिलं, कशावरून म्हणता, काय सापडलं तर हे खोटं ठरेल? उत्तर आलं नाही की कात्रीने दोरा कापायचा.

तुमच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या तीन खऱ्या, पण ऐकणाऱ्याला विचित्र वाटतील अशा गोष्टी कळव. वहिनीला नमस्कार. तुझी ढेरी कशी आहे?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बारकी


९ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

ढेरी जागच्या जागी आहे. वीस वर्षांत घरातल्या कुणी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच विचारलं, बरं वाटलं.

एक, दर मंगळवारी तुमच्या नळाला थोडा वेळ दुधाळ पाणी येतं. आम्ही पाइप धुतो, तेव्हा हवा शिरते, बाकी काही नाही. दोन, माझ्या वहीत काही घरांपुढे लाल खूण असते, कारण तपासणीचं पाणी तिथून आणतो. तीन, चौथ्या व्हॉल्व्हला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला. तो जुन्या, बंद लाइनचा आहे. उघडला तर गाळ चांगल्या पाण्यात येईल. मुलांना सांग, इथे याहून भानगडीचं काही नाही. वहिनी म्हणते, सुट्टीत ये.

आठवण ठेवत जा.
दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

घोळ झालाय आणि तो माझा आहे. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीने तुझ्या तीन गोष्टी अशा जोडल्या, की मीच शाबासकी दिली. मंगळवारी चौथ्या व्हॉल्व्हमधून औषध सोडतात, लोक गप्प राहावेत म्हणून, आणि लाल खुणेची घरं तेवढी त्यातून वगळतात. तक्त्याच्या मधोमध किल्ल्यांचा जुडगा लावलेला तुझा फोटो. तो मीच दिला होता.

शुक्रवारी कात्री हातात घेतली आणि घंटा झाली. म्हटलं, सोमवारी कापू. शनिवारी त्याच खोलीत पालकसभा होती, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. कुणीतरी तक्त्याचा फोटो काढला आणि तो गावभर फिरला. सोमवारी मी मुलांसमोर दोरे कापले, तर तीच मुलगी शांतपणे म्हणाली, बाई, दोरा कापला तरी तीन चित्रं खरीच आहेत ना.

काल मंगळवार होता. लोक ग्लासात दुधाळ पाणी धरून रस्त्यावर उभे होते. मला भीती वाटते, दादा.

रागावलास तरी तुटू नकोस.
बारकी


२ मार्च

चि. बारकीस आशीर्वाद.

रागावलेलो नाही. पण तुमच्याकडचे लोक आता खाणीतलं साचलेलं पाणी पितात असं ऐकतो. दोन पोरं इस्पितळात आहेत, आणि तेही माझ्याच नावावर मांडलंय. परवा सकाळी आमच्या दारावर लाल खडूची खूण होती. वहिनीने पुसली. काल पुन्हा होती, मोठी. फाटकापाशी रोज चार माणसं येऊन नुसती उभी राहतात. वहिनीला माहेरी धाडलंय.

तू उभी राहून सगळ्यांना सांग, हा वर्गातला खेळ होता. तुझं ऐकतील.

वाट पाहतो.
दादा


७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

सभेत सांगितलं. तक्ता, दोरे, कात्री, सगळं नेऊन दाखवलं. मागून कुणीतरी विचारलं, तो तुमचा कोण? मी म्हटलं, भाऊ. मग एक बाई म्हणाली, लाल खुणेचं घर हिचंही असणार. येत्या रविवारी गाड्या करून केंद्रावर जायचं आणि चौथा व्हॉल्व्ह स्वतः उघडून पाहायचा, असं ठरलंय. तो उघडू देऊ नकोस, आणि तू तिथे थांबूही नकोस. दोन्ही कसं जमेल, मला कळत नाही.

आणखी एक सांगायचंय, लाज वाटते. चार दिवस मीही नळाचं पाणी प्यायले नाही. ग्लास भरते, तोंडापर्यंत नेते, ओतून देते. व्हॉल्व्हला कुलूप का, हे तू लिहिलं होतंस. ते पत्र समोर आहे, तीनदा वाचलं. तरी एकदा पुन्हा लिही.

लोभ असू दे, आणि खरं लिही.
तुझी बारकी