काळ्या वाळवंटातला दगड

फुनाबोरी, टोकियो

प्रिय बाबा,

तुमच्या भटक्या लेकीचा नमस्कार.

जपानमध्ये वाळवंट आहे, हे खरं वाटेल तुम्हाला? ऑफिसातल्या मोरी-सानबरोबर बोटीनं एका ज्वालामुखीच्या बेटावर गेले होते. तिथली वाळू डांबरासारखी काळी आहे! दिवसभरात तिथले तीन डोंगर चढलो, कुठे कुठे तर हातापायांवर. सुट्या खडीच्या घसरड्या उतारावर गुडघा थोडा खरचटला, बाकी काही नाही. आईला सांगू नका.

शेवटच्या माथ्यावर नेहमीसारखा तुमच्या शोकेससाठी दगड उचलला. मोरी-सान हळूच म्हणाल्या, “नेत्रा-सान, इथलं काही न्यायचं नसतं.” ओशाळून परत ठेवला. पण इतका मोठा दगड इतका हलका कसा, बाबा? आत पोकळ असतो का?

घरी आल्यावर पाहिलं, तर बुटांत काळी वाळू! आता हीसुद्धा परत नेऊन टाकायची का? बूट तसेच पिशवीत बांधून ठेवलेत. दिवाळीत आले की आपल्या गच्चीवर, तुमच्यासमोरच झाडीन.

ऑपरेशननंतर जिना चढायला लागलात का? आई फोनवर विषय बदलते. गच्चीपर्यंत यावं लागेल, बाबा. वाळू मी खाली आणणार नाही.

तुमची,
नेत्रा