साउंडच्या तळाची माती

स्टोनिंग्टन, कनेटिकट
११ नोव्हेंबर १९५१

प्रिय सायलस,

तुला, मेरियनला आणि धाकटीला खूप प्रेम. तिला दोन दात आले हे वाचून हसू आलं. इथे थंडी पडली आहे. अंगणातल्या सफरचंदाने यंदा काही म्हणजे काही दिलं नाही. बाबांची प्रकृती ठणठणीत आहे. भूक चांगली, झोप चांगली.

माझं काम चालू आहे. न्यू हेवनच्या शब्दकोश कार्यालयाने वर्षभर एकच शब्द माझ्या गळ्यात मारलाय, 'साउंड'. हसू नकोस, त्या एकात चार शब्द आहेत. आपण जिच्या काठी वाढलो ती साउंड, म्हणजे दोन किनाऱ्यांमधला चिंचोळा समुद्र, उत्तरेकडच्या दर्यावर्दींकडून आली; त्यांच्याकडे तिचा अर्थ पोहणं असाही होता. आवाज या अर्थाचा साउंड लॅटिनमधला, फ्रेंचांच्या घरी राहून आलेला. धडधाकट माणसाला म्हणतात तो इंग्रजीच्या घरचाच, जर्मनांचा चुलतभाऊ. आणि पाण्याची खोली मोजण्याचा, तोही फ्रेंचांकडून. चौघांची घराणी वेगळी, तोंडवळा एक. जेवणाच्या टेबलावर मी चिठ्ठ्यांचे चार ढीग मांडलेत, आणि आम्ही दोघं चुलीपाशी उभ्याने जेवतो.

गेल्या वर्षी बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "एका पोराला चार बाप? मग जेवायला कुणाकडे बसतं ते?"

म्हटलं, "पोरं चार आहेत बाबा, नाव एक."

"खुळी आहेस. समुद्राची साउंड आणि खोली मोजायची साउंड एकच. खोली काय बशीतल्या कॉफीची मोजतात?"

गंमत म्हणजे जुन्या पंडितांनाही त्या दोघांच्या नात्याची शंका आहे. नक्की कुणालाच सांगता येत नाही. बाबांना तसं सांगितल्यावर ते आठवडाभर गावात छाती काढून फिरत होते.

त्यांचं ते खोली मोजायचं शिसं अजून दाराआड टांगलेलं आहे. धुक्यात बाबा ते दोरीला बांधून बोटीवरून पाण्यात सोडायचे, बुडाच्या खळगीत चरबी भरून. वर ओढलं की चरबीला तळाची माती चिकटलेली असायची. ती बोटांत चोळायची, हुंगायची, जिभेला लावायची, आणि डोळ्यांना काही दिसत नसताना सांगायचं, आपण अमुक ठिकाणी आहोत. तू बोटीवर ते नवं यंत्र बसवायला निघालास, आवाज तळाशी सोडून खोली सांगणारं. माझ्या टेबलावरचे दोन ढीग त्या एका पेटीत सुखाने नांदत होते. बाबांनी पेटीही घराबाहेर काढली आणि तुलाही.

वर 'ठणठणीत' लिहिलंय ते मी खोडत नाही. शरीरापुरतं ते खरं आहे.

सायलस, मार्चमध्ये एका सकाळी ते मला म्हणाले, "बाई, कॉफी छान करता तुम्ही. कोणाकडच्या?" मला वाटलं थट्टा करताहेत. मीही थट्टेने म्हटलं, "शेजारची." तेव्हापासून मी शेजारचीच आहे.

शेजारचा मान्वेल अजून मासेमारीला जातो. त्याने एकदा जाळ्याला लागलेली माती जॅमच्या बरणीतून आणली, का ते त्यालाही सांगता आलं नाही. बाबांनी बोट बुडवलं, चाखलं, आणि त्यांचा तो जुना आवाज आला: "फिशर्स आयलंडच्या उत्तरेला. अरे गाढवा, वळव ना, खडकावर बसायचंय का तुला?" मान्वेल रडायलाच लागला. मला हाव सुटली. दर फेरीला एक बरणी आण म्हणून मी त्याच्या मागे लागले. बरणी उघडली की घटकाभर आपले बाबा घरी यायचे. मला ओळखायचे नाहीत, पण यायचे.

परवा मी आपल्याच धक्क्याखालचा चिखल दिला. ज्यात तू आणि मी गुडघ्याएवढे असताना लोळलो तो. त्यांनी कितीतरी वेळ चोळला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मला विचारू नका ना बाई." आणि हात सदऱ्याला पुसला.

मी काय करू, सांग. शब्दांचे ढीग वेगळे करता येतात मला, त्याचेच पैसे मिळतात. या माणसाला परत गोळा कसं करायचं ते कुठल्याच चिठ्ठीवर नाही.

तू लिहितोस, "त्यांनी स्वतः बोलवावं, चुकलो म्हणावं, मग येईन." ते आता होणं नाही. ते भांडण त्यांच्याकडे उरलंच नाही. तुझ्याकडे आहे आणि थोडं माझ्याकडे. ते बोलावत नाहीत, मी बोलावते आहे. तू आल्याने ते बरे होतील असं मी म्हणत नाही. तुलाही ते 'तुम्ही' म्हणतील.

येताना तुझ्या ऑरेगनच्या किनाऱ्यावरची मूठभर माती आण. ती त्यांना ओळखता येणार नाही. पण तिथे ते कधी गेलेच नाहीत. न ओळखण्यात एकदा तरी त्यांची काही चूक नसेल.

अजून जिला तू नावाने हाक मारशील, ती तुझी ताई,
टॅबिथा