नाकाचा शेंडा आणि लाल पेन

११ सप्टेंबर, सकाळी
सूनबाईंनी डॉक्टरांना फोनवर दिलेला वृत्तान्त सदोष आहे. म्हणे, नाकावरची पुळी जुलैपासून आहे आणि बाबा ऐकत नाहीत. पुळी कालची आहे. मागच्या ओसरीत, भेगाळलेल्या भिंतीलगत, मच्छरदाणीविना झोपतो म्हणून ती झाली, हा निष्कर्षही निराधार. मला डास चावत नाहीत. चावले असते, तर गुणगुण ऐकू आली असती. मच्छरदाणीची गरज नाही; भेगा सवडीने बुजवू.

१४ सप्टेंबर
सूनबाईंनी नातीची खाट माझ्या शेजारून आत नेली. पुळी जाईपर्यंत रात्रीच्या गोष्टी बंद. अन्याय. आठ दिवसांत पुळी घालवण्याचा संकल्प. ऑइंटमेंट स्वतः निवडले.

१९ सप्टेंबर
आरोग्यसेविका त्वचारोगाचे पत्रक देऊन गेली. काय ती भाषा! लाल पेन घेऊन बसलो. उभा जन्म छापखान्यात प्रुफे तपासली; अनुस्वार निसटला नाही. सायंकाळपर्यंत पत्रक निर्दोष. पेनाचे टोपण नातीने सांभाळले.

२६ सप्टेंबर
आठ दिवस ही ढोबळ मुदत होती. पुळी दुखत नाही, अर्थात बरी होत आहे. मधोमध खळगा, कडा उंच. ऑइंटमेंटचा गुण.

३ ऑक्टोबर
सकाळी नातीच्या हनुवटीवर लाल ठिपका. तिला उचलून तडक दवाखान्यात गेलो. पायांत सूनबाईंच्या चपला आहेत हे तिथे कळले. डॉक्टरांनी ओला कापूस फिरवला. ठिपका पुसला गेला. शाई. आजोबांसारखी पुळी हवी म्हणून तिने माझ्याच पेनाने काढली होती.

मग डॉक्टर माझ्या नाकाकडे वळले. माझी पुसली गेली नाही.

वाळूमाशी चावल्याने झालेला त्वचारोग, म्हणाले. ही माशी डासाहून लहान, चावताना आवाज नाही, भिंतीच्या भेगांत मुक्काम. व्रण दुखत नाही, म्हणूनच माणसे फसतात. नमुना तपासणीस गेला. उपचार म्हणून बहुधा सुया थेट नाकात, वण राहील. माझ्या स्पर्शाने नातीला होणार नाही, माशी चावली तर होईल.

ही माहिती अगदी नवीन आहे, असे मी घरी सांगितले. सौ.ने ते पत्रक पुढे ठेवले. सर्व त्यात होते. माझ्या लाल खुणांसह.

"अहो, तपासलंत ते दिसतंय," ती म्हणाली. "वाचलंत कधी?"

४ ऑक्टोबर
तारखांची दुरुस्ती.
पुळी प्रथम दिसली: १० सप्टेंबर नव्हे, ६ जुलै. (सूनबाईंचे बरोबर.)
भेगा बुजवणे: 'सवडीने' नव्हे, उद्या. गवंड्याला सांगितले.
बारीक जाळीची मच्छरदाणी: 'गरज नाही' नव्हे, आज. दोन आणल्या.
नातीची खाट शेजारी: भेगा बुजल्यावर. सूनबाईंची संमती आहे.
पत्रक तपासले: १९ सप्टेंबर.
पत्रक वाचले: ३ ऑक्टोबर.